जांभूळ लावा, पण झाड हाताशी ठेवा



आज ज्या झाडाविषयी बोलायचे आहे, ते तुम्हाला नव्याने दाखवायला नको. ओढ्याच्या काठाला, बांधाच्या कोपऱ्यात, देवळामागे, कुठे ना कुठे ते उभे असतेच. ते झाड म्हणजे जांभूळ.

जांभळाची बाग करा असे सांगितले, की लोक हसतात. एका गावच्या बैठकीत एक आबा मला म्हणाले, "साहेब, जांभूळ का कुणी लावतं? ते आपलं आपण उगवतं. पाखरं लावतात अन् पोरं खातात." आबांचे म्हणणे अगदी खोटे नाही. आजवर तसेच चालत आले आहे. पण त्यामुळे झाले काय, ते जरा बघा. पेरू, लवंग आणि निलगिरी ही झाडे जांभळाच्याच कुळातली. पेरू आला अमेरिकेतून, लवंग मोलुकाच्या बेटांवरून, निलगिरी ऑस्ट्रेलियातून. जांभूळ मात्र इथल्याच मातीतले. नदीच्या पात्रात दगडांच्या सांदीत झुडपासारखे वाढणारे पाणजांभूळ, तेही याचेच भाऊबंद. पाहुण्या पेरूच्या आपण बागा केल्या आणि घरचे जांभूळ बांधावरच राहिले.

असे का झाले? याला तीन कारणे आहेत. पहिले, बियांपासून आलेल्या झाडाला फळ धरायला आठ ते दहा वर्षे लागतात. दुसरे, फळ कसे निघेल याचा नेम नसतो. एखादे मोठे नि गोड, तर शेजारचे नुसतेच बी आणि तुरट. तिसरे कारण सर्वांत मोठे. झाड चाळीस-पन्नास फूट उंच जाते, फळ लागते शेंड्याला, आणि ते काढायला माणूस वर चढवावा लागतो.

पहिल्या दोन अडचणी कलमांनी सोडवल्या आहेत. तिसरी अजून कायम आहे. ती मात्र तुमच्या हातात आहे, आणि आजचे बोलणे मुख्यतः तिच्याविषयीच आहे.

उंच झाडाची किंमत

जांभळाचे लाकूड पाण्यात टिकते हे खरे. पण हिरवी फांदी ठिसूळ असते. आंब्याची किंवा चिंचेची फांदी वाकते, करकरते, माणसाला सावध करते. जांभळाची फांदी तसे काही करत नाही. एकदम कडकन मोडते. त्यात फळ असते बारीक फांद्यांच्या टोकाला, आणि हंगाम येतो नेमका वळवाच्या आणि मृगाच्या पावसात. साल ओली, पाय घसरतो, खांद्याला भरलेली झोळी. दर हंगामात कुठे ना कुठे जांभळावरून माणूस पडल्याचे कानावर येतेच. कुणी दगावतो, कुणाच्या पाठीचा मणका जातो. एका पाटी जांभळांसाठी घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळावा, हा सौदा कुठल्याही भावात परवडणारा नाही.

दुसरे नुकसान पैशाचे. व्यापारी झाड उक्ते घ्यायला येतो तेव्हा आधी मान वर करून शेंडा पाहतो, आणि मगच आकडा बोलतो. चढणारी माणसे, त्यांची मजुरी, त्यांची जोखीम हे सगळे तो तुमच्या भावातून वजा करतो. आणि ज्यांना चढणारी माणसेच मिळत नाहीत, ते फांद्या हलवतात. फळ तीस फुटांवरून मातीत पडते, फुटते, त्याला खडे चिकटतात. असे फळ बाजारात जाईपर्यंत आंबते.

म्हणून सांगतो, जांभळाची लागवड करायची तर पहिल्याच वर्षी ठरवा, की हे झाड बारा फुटांवर जाऊ द्यायचे नाही. दोन पाय जमिनीवर किंवा छोट्या शिडीवर ठेवून सगळे फळ खुडता आले पाहिजे. पुढची सगळी कामे या एका गोष्टीला धरून करायची आहेत.

जात आणि कलम

आपल्याकडे पालघर जिल्ह्यातले बहाडोली गाव टपोऱ्या जांभळासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या झाडांतून निवड करून दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' ही जात दिली. बहाडोलीच्या आणि बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गुजरातेत गोध्र्याजवळच्या केंद्रीय संशोधन केंद्राने 'गोमा प्रियंका' ही जात काढली आहे. तिचे झाड मुळात कमी उंचीचे, पसरट आणि फांद्या खाली झुकणारे असते. लखनौच्या केंद्रीय संस्थेची 'जामवंत' ही जातही गरासाठी चांगली आहे.

कोणती जात घ्यावी? कोकणपट्टीला आणि घाटमाथ्याखाली बहाडोली सोयीची. कोरडवाहू भागात, जिथे पाणी तोकडे आहे, तिथे गोमा प्रियंका पाहावी. मात्र रोप नव्हे, कलमच घ्या. मृदुकाष्ठ पद्धतीने बांधलेले कलम साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ देऊ लागते. कलम विद्यापीठाच्या, शासकीय किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच आणावे आणि पावती जपून ठेवावी. पिशवीतले कलम घेताना जोड नीट सांधला आहे का, जोडाच्या खालून फूट आलेली नाही ना, हे हाताने चाचपून बघा.

कुणाला घरीच खुंट तयार करायचे असतील तर एक ध्यानात ठेवा. जांभळाचे बी साठवून चालत नाही. फळातून काढल्यावर दोन आठवड्यांच्या आतच पेरा, नाहीतर उगवण जाते. एका बियेतून कधी दोन-तीन रोपेही निघतात. त्यातले जोमदार ठेवून बाकीची काढावीत.

जमीन आणि अंतर

जांभूळ तसे सोशिक. थोडे पाणी साचले तरी तग धरते, थोड्या खारवट-चोपण जमिनीतही जगते. पण जगणे वेगळे आणि उत्पन्न देणे वेगळे. बागेसाठी निचऱ्याची, मध्यम ते खोल जमीन निवडावी. मुरमाड वरकस जमिनीतही चालते, मात्र खड्डा मोठा घ्यावा लागतो. फार भारी, सुपीक जमिनीत झाड नुसते पानावर जाते आणि फळ लांबते.

आता अंतराचा हिशेब करू. मोठ्या झाडांना पूर्वी ३३ × ३३ फूट अंतर ठेवीत. म्हणजे एकरी ४० झाडे. झाड बुटके ठेवायचे असेल तर २० × २० फूट पुरे. म्हणजे एकरी १०८ झाडे. बियांपासूनचे पूर्ण वाढलेले झाड वर्षाला साधारण ८० ते १०० किलो फळ देते, कलमाचे ६० ते ७० किलो. तुम्ही म्हणाल, छाटून बुटके ठेवलेले झाड इतके देणार नाही. ठीक आहे, समजा त्याने निम्मेच, ३० किलो दिले. तरी १०८ झाडांचे ३,२४० किलो होतात. तिकडे ४० उंच झाडांचे ८० किलोप्रमाणे ३,२०० किलो. एकराचा आकडा तोच राहिला. फरक इतकाच, की इकडचे सगळे फळ हाताने खुडता येते, आणि तिकडचे बरेचसे शेंड्यावर राहते किंवा मातीत जाते.

लागवड

एप्रिल-मेमध्ये ३ × ३ × ३ फुटांचे खड्डे घ्या. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. खड्डे उन्हात तापू द्या. पावसाआधी वरच्या चांगल्या मातीत दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत आणि १ किलो सुपर फॉस्फेट मिसळून खड्डा भरा. वाळवीचा त्रास असेल तर कच्चे शेणखत अजिबात वापरू नका.

एक-दोन चांगले पाऊस पडून जमीन ओली झाली, की कलम लावा. पिशवी फाडताना मुळांभोवतीची माती फुटू देऊ नका. जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. जवळ काठी रोवून सैल बांधा. जोडाच्या खाली खुंटाला फूट येईल, ती दिसली की लगेच काढा. ती राहिली तर चार वर्षांनी तुमच्या बागेत बहाडोली नसेल, रानजांभूळ असेल.

पहिली तीन-चार वर्षे मधल्या जागेत चवळी, भुईमूग, मूग, भाजीपाला घ्यावा. उंच वाढणारे पीक कलमाच्या अंगाशी नको. सावलीत कलम उंच आणि बारीक होते, आणि मग आपला मूळ हेतूच जातो.

झाडाला वळण

मंडळी, आता मुख्य काम. बहुतेक लोक इथेच हात आखडता घेतात. वाढता शेंडा छाटायला जीव होत नाही. पण तो छाटलाच पाहिजे.

कलम रुजून अडीच फुटांच्या वर गेले, की मुख्य शेंडा दोन-अडीच फुटांवर छाटा. खालून फुटी येतील. त्यांतल्या चार बाजूंच्या, एकमेकींपासून थोड्या अंतरावरच्या तीन-चार फुटी ठेवून बाकीच्या काढा. या झाल्या मुख्य फांद्या. त्या दीड-दोन फूट वाढल्या, की त्यांचेही शेंडे मारा. पुन्हा फुटी येतील, पुन्हा बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या दोन-तीन ठेवा. असे दोन-तीन वर्षे केले, म्हणजे झाडाचा घेर होतो, उंची आटोक्यात राहते, आणि मध्यभागी ऊन-वारा खेळतो.

फळे सुरू झाल्यावर छाटणी दरवर्षी करायची, पण वेळ चुकवायची नाही. जांभळाचा फुलोरा जून झालेल्या काडीवर येतो. म्हणून काढणी संपली, की लगेच, पावसाची उघडीप बघून छाटणी उरका. बारा फुटांच्या वर गेलेले शेंडे, आत गर्दी करणाऱ्या, मोडलेल्या आणि रोगट फांद्या काढा. सप्टेंबरनंतर छाटणी केली, तर येणारा फुलोरा तुम्हीच कापून टाकला असे समजा. मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, एकत्र करून १० लिटर पाण्यात पेस्ट होते. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नका. प्लास्टिकची बादली वापरा.

पाणी आणि खत

पहिले दोन-तीन उन्हाळे कलमाला पाण्याची गरज असते. आठ-दहा दिवसांनी पाणी द्या आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करा. ठिबक असेल तर उत्तम. पुढे झाड स्वतःला सांभाळते. फळ पोसत असताना मात्र थोडे थोडे, सारखे पाणी मिळाले तर फळ टपोरे होते. खूप ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडू नका, फळ गळते आणि तडकते.

लहान झाडाला वर्षाला १५ ते २० किलो शेणखत द्या. दरवर्षी वाढवत फळावर आलेल्या झाडाला ७० ते ८० किलोपर्यंत न्या. रासायनिक खत माती तपासूनच द्या. झाड हिरवेगार आहे, मस्त वाढते आहे, पण फळ धरत नाही, अशी तक्रार आली तर समजा त्याला खायला जास्त झाले. त्याचे खत थांबवा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी तोडा.

फुलोरा आणि मधमाशा

साधारण जानेवारी ते मार्च या काळात पांढरट-हिरवा फुलोरा येतो. कोकणात आधी, घाटावर आणि विदर्भात मागाहून. हा फुलोरा मधमाशांचा मोठा आधार आहे. महाबळेश्वरच्या मधात जांभळाच्या मधाचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. फळ धरायलाही याच माशा लागतात. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका. जमल्यास बागेत सातेरी माशांच्या पेट्या ठेवा.

कीड-रोग

पाने खाणारी अळी दिसली तर सुरुवातीलाच वेचून नष्ट करा. खोडावर भुश्शाची आणि विष्ठेची जाळी दिसली, तर साल खाणारी अळी आहे असे ओळखा. जाळी खरवडून काढा आणि भोकात तार घालून अळी मारा. फळमाशी पिकत्या फळात अंडी घालते. तिच्यासाठी फळमाशीचे सापळे लावा आणि गळलेली फळे रोजच्या रोज गोळा करून खोल पुरा. पानांवर आणि फळांवर करपा येतो, तो दाट, दमट झाडात जास्त येतो. झाड मोकळे छाटलेले असेल तर निम्मे काम तिथेच झालेले असते. औषध मारावेच लागले, तर कोणते आणि किती, हे आधी कृषी कार्यालयात विचारा. फवारणी आणि काढणी यांत सांगितले तितके दिवस पाळा. जांभूळ लोक साल न काढता खातात, हे विसरू नका.

काढणी आणि बाजार

जांभूळ आंब्यासारखे अढीत पिकत नाही. झाडावरून जसे काढाल तसेच राहते. त्यामुळे पूर्ण काळेजांभळे झालेलेच फळ खुडावे. एका घोसातली सगळी फळे एकदम पिकत नाहीत. रोज किंवा एक दिवसाआड, सकाळी थंड वेळी खुडणी करावी लागते, आणि ती तीन-चार आठवडे चालते. विचार करा, उंच झाडावर एका हंगामात इतक्या वेळा माणूस चढवायचा म्हणजे किती वेळा जीव टांगणीला लावायचा! बुटक्या झाडावर हेच काम घरच्या बायाबापड्या आणि म्हातारी माणसेही करतात.

फळ उथळ पाटीत ठेवा, खाली पाला किंवा कागद अंथरा. खोल टोपलीत खालचे फळ दबते. मोठे आणि लहान वेगळे करा. साध्या हवेत जांभूळ एक-दोन दिवसच टिकते. ८ ते १० अंश तापमानात ते दोन-तीन आठवडेही राहू शकते. म्हणून जवळच्या बाजाराची सोय आधी बघा, मग लागवड किती ते ठरवा. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते. त्याच्या आत तयार होणारे फळ पावसातून वाचते. उरलेल्या, फुटक्या पण स्वच्छ फळांचा रस, सरबत, गर करता येतो. बिया धुऊन वाळवल्या तर औषधी पूड करणारे घेतात. मात्र मधुमेहावर डॉक्टरांचे औषध बंद करून बियांची पूड घ्या, असे कुणालाही सांगू नका.

जुन्या झाडांचे काय?

ज्यांच्या बांधावर मोठी झाडे आहेत, त्यांनी ती तोडायची घाई करू नये. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत जांभूळ आहे. तोडायचे तर परवानगी लागते. पण उंची कमी करता येते. काढणीनंतर, पावसाची उघडीप बघून, एका वर्षी एक-तृतीयांश मोठ्या फांद्या, अशा तीन वर्षांत उंची खाली आणा. आधी फांदीच्या खालच्या बाजूने करवतीचा काप द्या, मग वरून कापा. म्हणजे साल सोलत खोडापर्यंत जात नाही. हे काम जाणकार माणसाकडून, कमरेला दोर बांधून करून घ्या. कापलेल्या फांद्यांवर दोन-तीन वर्षे फळ मिळणार नाही, ही तयारी ठेवा. नव्या फुटी विरळ करून बाहेरच्या तेवढ्या ठेवा. झाडाचे फळ हलके असेल, तर त्या कोवळ्या फुटींवर चांगल्या जातीची कलमेही बांधून घेता येतात.

तोवर काढणी करायचीच आहे. तेव्हा झाडाभोवती बांबूची परांची बांधा आणि परांचीवरून खुडा. खाली जाळी किंवा जुनी लुगडी ताणून धरा. पाऊस पडून साल ओली असेल त्या दिवशी कुणालाही वर पाठवू नका. शेंड्यावरची चार घोस जांभळे पाखरांची समजा. आणि पोरांना तर ठणकावून सांगा, की जांभळाची फांदी कितीही जाड दिसली तरी तिचा भरवसा धरायचा नाही.

आता करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. या उन्हाळ्यात खड्डे घ्या. कलमांची मागणी रोपवाटिकेत आधीच नोंदवा, ऐन पावसात चांगली कलमे उरत नाहीत. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत जांभळाचा समावेश आहे. त्याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात सातबारा उतारा घेऊन जाऊन करा. आणि पहिल्या वर्षी कलमाचा शेंडा अडीच फुटांवर छाटायची वेळ येईल, तेव्हा हात मागे घेऊ नका. शेजारी हसतील, म्हणतील चांगलं वाढतं झाड खुडलं. हसू द्या. पाचव्या वर्षी तेच शेजारी तुमच्या बागेत जमिनीवर उभे राहून जांभळे खुडायला येतील.

काही शंका असतील तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर लिहा. जमीन कशी आहे, पाणी किती आहे आणि झाडे किती वर्षांची आहेत, हे पत्रात नमूद करा, म्हणजे उत्तर नेमके देता येईल.